टॅब चालू होईना, चार्जही होईना : दुकान गाठण्याआधी घरी काय बघाल

मे महिनाभर पोरं आजोळी आणि टॅब कपाटात. जूनमध्ये क्लास सुरू झाले की तो बाहेर निघतो. बटण दाबावं तर स्क्रीन काळी, चार्जर लावावा तरी ढिम्म. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "गेला बघा, आता नवीनच घ्या." इतकी घाई नको. बंद टॅबचा दोष बऱ्याचदा टॅबच्या बाहेर असतो. भिंतीतला सॉकेट ढिला असतो, केबल आतून तुटलेली असते, केबल खोचायच्या खाचेत म्हणजे पोर्टात धूळ बसलेली असते किंवा बॅटरी पार तळाला गेलेली असते. यातलं काहीही तपासायला पैसे लागत नाहीत. खाली दिलेला क्रम फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो. तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका. आणि पेचकस हातात घ्यायचा नाही. टॅबची मागची बाजू किंवा स्क्रीन गोंदाने चिकटवलेली असते, घरी उघडायला गेलात तर काच नाहीतर आतली वायरची पातळ पट्टी तुटणार हे धरून चाला.

चार्जरला लावूच नये असा टॅब

टॅब टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपऱ्यांवर हलकं बोट टेकवा. तो डुगडुगत असेल, स्क्रीनची कड एका बाजूने उचललेली दिसत असेल किंवा मागचं पॅनेल फुगीर लागत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबायचं. चार्ज करून बघायचं नाही, दाबून पॅनेल बसवायचं नाही आणि 'टाचणी मारून हवा काढ' असा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. आत साचलेला वायू पेट घेणारा असतो आणि टोचलेली लिथियम बॅटरी भडकू शकते. असा टॅब गादीवर, दप्तरात किंवा कपाटात न ठेवता फरशीवर, उन्हापासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. बदललेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच गेली पाहिजे. बॅटरी-कचऱ्यासाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत, आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे.

जळका वास येत असेल किंवा टॅबमध्ये पाणी गेल्याचं नक्की माहीत असेल, तरीही चार्जर लावू नका. पाण्याबद्दल पुढे सांगतो.

टॅब बंद आहे, की नुसती स्क्रीन काळी?

ही तपासणी बहुतेक लोक सोडून देतात आणि मग चांगल्या बॅटरीवर पैसे घालतात.

आधी कव्हर काढा. फ्लिप कव्हरमध्ये लोहचुंबक असतो आणि झाकण मिटलं की टॅब त्या चुंबकामुळेच झोपतो. स्वस्तातल्या कव्हरचा चुंबक थोडा सरकला, तर झाकण उघडं असतानाही टॅबला ते मिटलेलंच वाटतं. शिवाय जाड रबरी कव्हर पॉवरचं बटण कायम दाबून ठेवतं किंवा नीट दाबूच देत नाही. कव्हर काढल्यावर बटण नेहमीसारखं 'टिक' करून परत वर येतंय का ते बोटाला लागलं पाहिजे.

मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसटसं चित्र, घड्याळ किंवा आयकॉन दिसले, तर टॅब चालू आहे, फक्त स्क्रीनमागचा प्रकाश गेला आहे. आवाजाचं बटण दाबल्यावर टुकटुक होतं का, चार्जर लावताच सूर वाजतो का, तेही ऐका. अँड्रॉइड टॅब असेल आणि वायफायला जोडलेला असेल, तर दुसऱ्या फोनवरून त्याच गूगल खात्याने 'फाइंड हब' हे हरवलेलं उपकरण शोधायचं ॲप उघडा आणि आवाज वाजवायला सांगा. टॅब सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं वाजत राहतो. वाजला, तर खालच्या चार्जिंगच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. एकदा जबरदस्तीने रीस्टार्ट करून बघा (कसं ते पुढे आहे) आणि नाहीच उजळला तर डिस्प्लेचं काम आहे असं समजा.

भिंतीपासून सुरुवात

त्याच सॉकेटला, त्याच चार्जरने, त्याच केबलने दुसरा फोन चार्ज होतो का बघा. झाला, तर सॉकेट आणि चार्जर निदान जिवंत आहेत. नाही झाला, तर एकावेळी एकच गोष्ट बदला. आधी सॉकेट, मग केबल, मग चार्जर. तिन्ही एकदम बदलले आणि टॅब सुरू झाला, तर बिघाड कशात होता ते कळत नाही आणि ती तुटकी केबल पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन बसते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत सॉकेटच्या पत्त्या सैल होऊन पिन नुसतीच लोंबत असते. एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच. बोर्डावरचा दिवा लागला म्हणजे प्रत्येक भोकात वीज येतेय असं नाही.

गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूला व्होल्टेज कमी असतं म्हणून टॅब चार्ज होत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. चार्जरवर बारीक अक्षरांत इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तरी चांगला चार्जर काम करतो. त्रास देतो तो गेलेली वीज परत येतानाचा झटका. पावसाळ्यात लाइट ये-जा करत असेल तेव्हा चार्जर काढून ठेवा आणि वीज येऊन स्थिरावली की लावा.

आता त्याच बारीक अक्षरांतली दुसरी ओळ, आउटपुटची. इथे थोडं गणित करू, कारण 'चार्जच होत नाही' या तक्रारीतल्या अनेक तक्रारी खरं तर 'फार हळू चार्ज होतो' अशा असतात. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए८ ची बॅटरी ७,०४० मिलिअँपिअर-तासांची आहे, म्हणजे साधारण २७ वॅट-तास. जुन्या फोनच्या चार्जरवर ५ व्होल्ट, १ अँपिअर असं लिहिलेलं असतं. गुणाकार ५ वॅट. त्याने हा टॅब रिकामा असताना भरायला, वाया जाणारी वीज धरून, सहा-सात तास जातील. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टातून ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. तिथे लावला तर अख्खी रात्रही पुरत नाही, आणि त्यात कुणी व्हिडिओ बघत बसलं तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात. याच टॅबला १५ वॅटचा चार्जर लावला की तीन-चार तासांत काम होतं. आयपॅडलाही १२ किंवा २० वॅटचा अडॅप्टर हवा.

उलट बाजूने, फोनचा ६५ वॅटचा चार्जर लावला म्हणून टॅब ६५ वॅट खेचत नाही. टॅब आपल्याला झेपेल तेवढंच घेतो. अनेक फोन-कंपन्यांचे फास्ट चार्जर फक्त त्यांच्याच फोनशी वेगात बोलतात, बाकी सगळ्यांना साध्या गतीने देतात. नुकसान होत नाही, वेग मिळत नाही इतकंच.

सी टाइपच्या स्वस्त टॅबचं एक वेगळंच दुखणं आहे. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने, नव्या चार्जरवर ते अजिबात चार्ज होत नाहीत. पण एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलने लगेच होतात. कारण असं, की सी टू सी जोडणीत समोर कोण आहे हे कळल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही, आणि ती ओळख देणारे रेझिस्टर नावाचे दोन बारीक भाग बनवणाऱ्याने टॅबच्या पोर्टात बसवलेलेच नसतात. चौकोनी यूएसबीवर मात्र पाच व्होल्ट कायम चालू असतात. जुनी केबल मिळाली की प्रश्न सुटला. अशा टॅबचा 'चार्जिंग जॅक', म्हणजे पोर्टाचा भाग, बदलून काही होत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

नवा चार्जर घ्यायची वेळ आलीच तर लक्ष्मीपुरीत घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, पण त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक आहे का ते बघा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी की खोटी ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

पोर्ट : कचरा आणि पाणी

पोर्टात टॉर्च मारा. शाळेच्या दप्तरात फिरणाऱ्या टॅबच्या पोर्टात काय काय निघतं ते बघून थक्क व्हाल. कापडाचा भुगा, बिस्किटाचा चुरा, पेन्सिलीची भुकटी. यातली पेन्सिलीची भुकटी सगळ्यात वाईट, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि पिनांच्या मध्ये ते बसलं की टॅब गोंधळतो. केबल पूर्ण आत बसत नसेल, बाहेर किंचित कड राहत असेल किंवा हलक्या धक्क्याने निसटत असेल, तर आत कचरा दाबून बसला आहे हे नक्की.

टॅब बंद ठेवून, दात कोरायची लाकडी काडी टोकाला थोडी चपटी करून, पोर्टाच्या भिंतीलगत हळू फिरवा आणि कचरा बाहेर ओढा. सी टाइपच्या पोर्टात मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. ती वाकली की खर्च नक्की. सेफ्टी पिन, सुई, केसांचा आकडा नको. तोंडाने फुंकरही नको, फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो. मऊ, कोरडा ब्रश चालेल.

साफ केल्यावर केबल लावा आणि न हलवता बघा. एका विशिष्ट कोनातच चार्ज होत असेल, तर आधी दुसऱ्या केबलने खात्री करा. दोन्ही केबलना तीच तऱ्हा असेल तर जॅक सैल झाला आहे. केबलला रबर बांधून, खाली पुस्तक ठेवून दिवस काढता येतात, पण तेवढ्यात तो जॅक टॅबच्या आतल्या सर्किट-बोर्डापासून उखडतो आणि छोटं काम मोठं होतं.

पावसाळ्यात वेगळीच भानगड. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत तिथे पोर्ट कोरडा कसा राहील. सॅमसंगवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं, आयपॅडवर कनेक्टरमध्ये द्रव असल्याची सूचना येते आणि चार्जिंग मुद्दाम रोखलेलं असतं. हा बिघाड नाही, पिना गंजू नयेत म्हणून घातलेली अडवणूक आहे. केबल काढा, पोर्ट खाली करून टॅब हातावर हलका आपटा आणि पंख्याखाली, वारा लागेल असा ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. केबलचं टोकही पुसून वाळवा, ओल कधी कधी तिथेच असते. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सोडून द्या. ॲपलने तर आपल्या सूचनांतच तांदूळ नको म्हणून लिहिलंय, कारण त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. हेअर ड्रायरही नको.

हे झालं पोर्टातल्या ओलीचं. टॅब पाण्यात पडला असेल किंवा पुरात भिजला असेल, तर वाळवून चार्जर लावणं हा जुगार आहे. तो बंदच ठेवा आणि त्याच दिवशी उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. पाण्यापेक्षा नंतर बोर्डावर चढणारा गंज जास्त खातो.

पहिला अर्धा तास बटणाला हात नको

लिथियम बॅटरीचा एक सेल भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्टच्या आसपास किंवा थोडा वर असतो. टॅब ०% दाखवून बंद होतो तेव्हाही त्यात थोडा जीव राखून ठेवलेला असतो. पण तसाच महिना-दोन महिने पडून राहिला की तोही झिरपतो आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जातो. अशा सेलमध्ये एकदम जोरात वीज सोडणं धोक्याचं, म्हणून टॅबमधली चार्जिंगची आयसी, म्हणजे चिप, आधी अगदी बारीक धार सोडते. या काळात स्क्रीनवर बॅटरीचं चित्रही येत नाही, कारण स्क्रीन लावण्याइतकी वीज साचलेली नसते. बाहेरून बघणाऱ्याला टॅब मेल्यासारखाच दिसतो.

म्हणून, चांगला चार्जर आणि चांगली केबल ठरली की टॅब लावा आणि किमान अर्धा तास त्याच्याकडे बघूही नका. दर दोन मिनिटांनी बटण दाबणारे स्वतःचंच काम वाढवतात. प्रत्येक वेळी टॅब उठायचा प्रयत्न करतो आणि साचलेली थोडीशी वीज त्यात संपवतो. अनेक महिने पडून असलेला टॅब असेल तर काही तास द्या, पण तुम्ही घरात जागे असताना. मधून मधून पाठीला हात लावून बघा. किंचित कोमट लागली तर वीज आत जातेय, चटका बसण्याइतकी गरम लागली तर लगेच काढा.

उन्हाळ्यात गाडीत राहिलेला किंवा गच्चीवर तापलेला टॅबही चार्ज घेत नाही. तो सावलीत थंड होऊ द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या भागात दिवसेंदिवस वीज नव्हती त्यांना हे तळाला जाणं चांगलं ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकू लागली की पंचगंगेकाठचे लोक सामान वर चढवतात. त्याच वेळी टॅब भरून घ्यावा आणि पूर्ण बंद करून ठेवावा. बरेच महिने वापरायचाच नसेल, तर मात्र निम्म्यावर चार्ज करून ठेवणं बॅटरीला जास्त मानवतं.

एका रात्रीच्या चार्जिंगनंतरही हालचाल नसेल तर सेल गेला असावा किंवा बॅटरीतली सुरक्षा-सर्किट कायमची तुटली असावी. बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी लावून 'झटका' द्यायचे व्हिडिओ फिरत असतात. ते फक्त बघण्यासाठी आहेत असं समजा.

जबरदस्तीने रीस्टार्ट

टॅब भरलेला असतो, पण सॉफ्टवेअर गोठल्यामुळे स्क्रीन काळीच राहते, असंही होतं. यात माहिती पुसली जात नाही, म्हणून बिनधास्त करा. चार्जर लावलेला असू द्या.

सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, लोगो येईपर्यंत. दहा-वीस सेकंद लागतात. लेनोवो, शाओमी, रिअलमी अशा इतर अँड्रॉइड टॅबवर फक्त पॉवर बटण अर्धा मिनिट धरून बघा, नाही जमलं तर आवाज कमीच्या बटणासह. होम बटण असलेल्या आयपॅडला होम आणि वरचं बटण दोन्ही धरा. होम बटण नसलेल्या आयपॅडला आधी वरच्या बटणाच्या जवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, मग लांबचं दाबून सोडा, मग वरचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. घाईत हा क्रम चुकतो आणि लोक 'होत नाही' म्हणतात. लोक बोट लवकर उचलतात, हे दुसरं कारण.

लोगो येतो आणि तिथेच अडकतो

मग बॅटरी आणि चार्जर दोघेही निर्दोष. दुखणं सॉफ्टवेअरचं किंवा मेमरीचं. दुकानात याला 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' म्हणतात आणि त्यात फोटो, नोट्स, सगळं जाऊ शकतं, म्हणून आधी घरचे उपाय.

अँड्रॉइडवर रिकव्हरी नावाचा मेनू असतो. सॅमसंगवर टॅब बंद करून, केबलने संगणकाला जोडून, पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरलं की तो येतो. नव्या मॉडेलना केबल जोडलेली लागतेच. तिथे 'वाइप कॅश पार्टिशन' हा पर्याय निवडा, त्याने तुमची माहिती जात नाही. त्याच्याच शेजारी 'वाइप डेटा' असतो, त्याने सगळं जातं. दोन्ही ओळी नीट वाचून मगच बटण दाबा.

आयपॅड संगणकाला जोडून, मघाचीच बटणं केबल-संगणकाचं चित्र येईपर्यंत धरा. मॅकवर फाइंडरमध्ये, विंडोजवर 'ॲपल डिव्हाइसेस' किंवा आयट्यून्समध्ये 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. आधी अपडेटच. त्यात माहिती राखून सिस्टीम नव्याने बसवली जाते. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागले तर आयपॅड या अवस्थेतून आपोआप बाहेर येतो. नेट हळू असेल तर डाउनलोड संपू द्या आणि बटणांची कवायत पुन्हा करा.

फॅक्टरी रीसेट शेवटी. त्याआधी आत टाकलेलं गूगल खातं आणि त्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा, कारण रिकव्हरीतून रीसेट केल्यावर टॅब तेच जुनं खातं मागतो. आयपॅडचं ॲपल खात्याबाबत तसंच. टॅब भाच्याने सेट केलेला, खातं त्याच्याच नावाचं आणि तो पुण्याला, असं असेल तर आधी फोन लावा. विद्यार्थ्यांना टॅब देणाऱ्या महाज्योतीसारख्या सरकारी संस्थेकडून किंवा शाळेकडून मिळालेला टॅब असेल तर रीसेट स्वतः करू नका. त्यात संस्थेने घातलेलं नियंत्रण किंवा अभ्यासक्रम असू शकतो. तो त्यांच्यामार्फतच दुरुस्त करून घ्या.

दुकानात गेल्यावर

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. बाहेर उघडलेला टॅब ते मग हातात घेत नाहीत. पाण्याचं नुकसान मात्र साध्या वॉरंटीत बसत नाही, आणि भिजल्यावर रंग बदलणारं स्टिकर आत असतं, त्यामुळे लपवून उपयोग नाही.

वॉरंटी संपली असेल तर राजारामपुरी, शाहूपुरी कुठेही जा, पण टॅब देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्वतः काय काय तपासलं ते सांगा : "चार्जर आणि केबल बदलून बघितली, पोर्ट साफ केला, रात्रभर लावून ठेवला." एवढं ऐकलं की समोरचाही केबलपासून सुरुवात करत नाही. चांगला कारागीर टॅब उघडण्याआधी यूएसबी मीटर लावून किती अँपिअर खेचतोय ते बघतो. शून्यच खेचत असेल तर जॅक, चार्जिंगची पट्टी किंवा आयसी. वीज आत जातेय पण टक्के वाढत नाहीत तर बॅटरीवर संशय. चार्जर न लावताही टॅब वीज पितोय, एका जागी गरम होतोय, तर बोर्डावर शॉर्टिंग. न बघताच "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला मीटर लावायला सांगा.

भाव आधी ठरवा, जुना पार्ट परत मागा, पक्कं बिल घ्या आणि नव्या बॅटरीवर किती महिन्यांची हमी ते बिलावर लिहून घ्या. जॅक आणि बॅटरी ही कामं करून घेण्यासारखी असतात. बोर्डाचं काम निघालं आणि सांगितलेला खर्च त्याच टॅबच्या सध्याच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला, तर मी तरी तो पैसा नव्या टॅबसाठी राखून ठेवीन. आत मोलाचे फोटो अडकले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'डेटा काढून द्या, टॅब नको' असं स्पष्ट सांगा. बिल असूनही हमीचं काम करून देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

टॅब परत घेताना स्वतःचा चार्जर आणि केबल बरोबर न्या. दुकानातच लावा आणि दहा मिनिटं उभे राहा. टक्का निदान एकाने तरी चढलेला दिसला पाहिजे. सी टाइप असेल तर प्लग काढून उलटा करून पुन्हा लावा. नवा जॅक नीट बसला नसेल तर एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, आणि हे घरी आल्यावर कळलं की पुन्हा फेरी पडते.